पंचनाम्याचे काव्य : रूबेन ब्लेड्स यांची गीतरचना

लोकप्रिय संगीतातील गीतरचनेला साहित्याभ्यासात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. पोवाडे आणि लावण्या संग्रहित होऊन छापल्या गेल्या तेव्हा त्या अभ्यासाचा विषय ठरल्या. ज्या काळात त्या फडावर गायिल्या जात होत्या त्या काळातील विदग्ध वाङ्मयाला त्यांची दखल घ्यावीशी वाटली नव्हती. गाणे जिवंत असताना ते करमणूक, आणि थंडावल्यानंतर वाङ्मय, असा हा उफराटा न्याय आहे. 2016 साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर इंग्रजी गीतांपुरता हा वाद काहीसा निवळला. स्पॅनिश भाषेतील गीतकारांना मात्र त्याचा फारसा लाभ झालेला दिसत नाही. लॅटिन अमेरिकेच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे बोर्हेस, नेरुदा, गार्सिआ मार्केस या नावांभोवती फिरते. त्याच दशकांत त्या खंडातील कोट्यवधी लोकांच्या ओठी असलेल्या गीतांकडे ती वळत नाही. पनामाचे गायक-गीतकार रूबेन ब्लेड्स यांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. त्यांची गीते नृत्यासाठी आहेत, ध्वनिमुद्रिकांच्या बाजारपेठेतून ती पसरली. आणि तरीही ती कथात्म साहित्य म्हणून वाचल्याशिवाय त्यांचा पुरता उलगडा होत नाही.

आडनावापासूनच गुंतागुंतीला आरंभ होतो. ब्लेड्स यांचे आजोबा सेंट लुशिआ या कॅरिबियन बेटावरचे, इंग्रजी बोलणारे. कालव्याच्या कामाने आणलेल्या हजारो कॅरिबियन मजुरांच्या लोंढ्यातून ते पनामात आले. त्यामुळे आडनावाचा उच्चार घरात इंग्रजी वळणाने होतो, तर स्पॅनिशभाषक जगात पुष्कळ जण ‘ब्लादेस’ म्हणतात. वडिलांचा जन्म कोलंबियातला, आई क्यूबाची. वडील पोलीस खात्यात होते आणि बाँगो वाजवीत; आई पियानो वाजवी, गात असे आणि नभोनाट्यांत काम करी. वाचनाची गोडी लावली ती आजीने. 16 जुलै 1948 रोजी पनामा सिटीत जन्मलेल्या या मुलाचे बालपण जुन्या शहरातील सान फेलिपे वस्तीत गेले. तरुणपणी तो अमेरिकन रॉक अँड रोल इंग्रजीतच गात असे. 9 जानेवारी 1964 रोजी कालवा-क्षेत्रात पनामाचा ध्वज उभारण्याचा विद्यार्थ्यांचा प्रयत्न अडवला गेला, दंगल उसळली आणि अमेरिकन सैन्याशी झालेल्या संघर्षात पनामी नागरिक मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर आपण स्पॅनिश गाण्यांकडे वळलो, असे ब्लेड्स यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. भाषेची निवड ही येथे राजकीय निवड होती. वसाहतोत्तर साहित्याच्या अभ्यासकाला हा टप्पा परिचित वाटेल. फरक इतकाच, की येथे भाषा बदलणारा लेखक कादंबरीकार नसून नाचाच्या कार्यक्रमांत गाणारा पोरसवदा गायक आहे.

ब्लेड्स यांनी पनामा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. 1968च्या लष्करी उठावानंतर विद्यापीठ बंद पडले. त्या खंडित काळात ते न्यूयॉर्कला गेले आणि 1970 मध्ये पीट रोद्रीगेस यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ती चालली नाही. ते परतले, पदवी पूर्ण केली, पनामाच्या राष्ट्रीय बँकेत वकील म्हणून नोकरीही केली. 1974 साली ते पुन्हा न्यूयॉर्कला आले ते फानिया रेकॉर्ड्स या कंपनीच्या टपालविभागात कामाला. गायकाच्या चरित्रात हा तपशील एरवी गंमत म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत संदर्भात त्याला याहून अधिक महत्त्व आहे. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा माणूस गाणे लिहू लागला तेव्हा त्याने कवितेच्या परंपरेतली उपमा-उत्प्रेक्षांची सामग्री फारशी घेतली नाही. साक्ष, जबानी, ओळख पटवणे, घटनास्थळाचा पंचनामा या गोष्टी त्याच्या गीतांचा सांगाडा झाल्या.

साल्सा हे नाव 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रूढ झाले. क्यूबाच्या ‘सोन’ या प्रकाराचा पाया, पोर्तो रिकोच्या ‘बोंबा’ व ‘प्लेना’ यांचे मिश्रण, त्यावर जाझ वाद्यवृंदाचा साज, आणि हे सारे घडले ते ब्राँक्स व पूर्व हार्लेम येथील स्थलांतरितांच्या वस्त्यांत. साल्सा गीताचे साधारणतः दोन भाग असतात. पहिल्या भागात बांधीव कडवी येतात. दुसऱ्या, ‘मोंतुनो’ नावाच्या भागात समूह एक ओळ पुन्हापुन्हा म्हणतो आणि मुख्य गायक तिला उत्स्फूर्त जोड देत जातो. शाहीर आणि झीलकरी यांची योजना ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. पोवाड्यात झील कथेला आधार देते, वेग देते. साल्सात मोंतुनो सुरू होतो तेव्हा कथा बहुधा थांबते आणि नृत्य वरचढ होते. ब्लेड्स यांनी नेमका हा सांधा बदलला. त्यांच्या उत्तम गीतांत मोंतुनोतही कथा चालू राहते, कधी तर तिचा अर्थ तेथेच पालटतो. नाचणाऱ्याला ऐकावे लागते. फानियाच्या बाजारपेठेला हे सहजासहजी रुचणारे नव्हते.

ट्रॉम्बोनवादक आणि वाद्यवृंदप्रमुख विली कोलोन यांच्यासमवेत 1977 मध्ये आलेल्या ‘मेतिएन्दो मानो’ या ध्वनिमुद्रिकेत ‘पाब्लो पुएब्लो’ हे गीत आहे. ‘पुएब्लो’ म्हणजे जनता. कामावरून थकून आपल्या गल्लीत परतणारा हा पाब्लो निवडणुकीच्या जुन्या घोषणा आणि न पाळलेली आश्वासने यांच्यामधून घरचा जिना चढतो. ही नायकाची कथा नाही. येथे काही घडतच नाही. पाठोपाठ 1978 साली ‘सिएम्ब्रा’ म्हणजे ‘पेरणी’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्या आरंभीचे ‘प्लास्तिको’ डिस्कोच्या थाटात सुरू होते, मग तो थाट टाकून देऊन साल्सात शिरते, आणि शेवटी लॅटिन अमेरिकेतील देशांची हजेरी घेते. प्रत्येक नावाला समूह ‘हजर’ म्हणून उत्तर देतो. उपरोधासाठी संगीतशैलीच बदलणे ही युक्ती लक्षणीय आहे. शब्दांत सांगण्याची टीका तालात सांगितलेली आहे. साल्साच्या इतिहासातील सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत ‘सिएम्ब्रा’ची गणना होते, आणि त्याचे मुख्य श्रेय जाते सात मिनिटांहून लांब असलेल्या ‘पेद्रो नवाखा’ या गीताला.

‘नवाखा’ म्हणजे मिटणारा चाकू. मराठीत ज्याला सरसकट रामपुरी म्हणतात तो. न्यूयॉर्कच्या एका वस्तीत कोपऱ्यावरून पेद्रो येतो. तिरकी टोपी, हात कोटाच्या खिशांत, काळा चष्मा, हसला की चमकणारा सोन्याचा दात. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला देहविक्रय करणारी एक स्त्री आहे. दिवसभर गिऱ्हाईक मिळालेले नाही. पोलिसांची खूण नसलेली एक गाडी फिरत असते. पेद्रो रस्ता ओलांडून तिच्यावर चाकू चालवतो. तिच्या पर्समधील रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटते. दोघेही पडतात. आवाज झाला तरी कोणी बाहेर येत नाही, कोणी विचारीत नाही, कोणी रडत नाही. एक दारुडा मात्र अडखळत येतो, रिव्हॉल्व्हर, चाकू आणि दोन पेसो उचलतो आणि बेसूर गात निघून जातो. मोंतुनोमध्ये काफ्काच्या कादंबरीचा उल्लेख येतो, नभोवाणीच्या बातमीदाराचा कोरडा आवाज येतो, ‘वेस्ट साइड स्टोरी’तील अमेरिका-स्तुतीचा इंग्रजी सूर ऐकू येतो. मृत्यूनंतरच या दोघांना पूर्ण नावे मिळतात, तीही बातमीत.

निवेदक कोण, हा येथे कळीचा प्रश्न आहे. त्याने सारे पाहिले आहे, तपशील त्याला अचूक ठाऊक आहेत, पण त्याने काही केलेले नाही. त्याची भूमिका पंचाची आहे. मुद्देमालाची यादी तो देतो : एक रिव्हॉल्व्हर, एक चाकू, दोन पेसो. नीतिबोध समूहाच्या वाट्याला आहे आणि तो म्हणींच्या रूपात येतो, म्हणजे ज्या भाषेत वस्ती स्वतःची समजूत घालते त्या भाषेत. शोक कुठेच नाही. या कोरडेपणालाच काही समीक्षक निर्दयता म्हणतील. वस्तुतः तो गीताचा नैतिक गाभा आहे, कारण श्रोता नाचत असतो आणि नाचता नाचता तोही बाहेर न आलेल्या शेजाऱ्यांपैकी एक होतो.

या गीताची वंशावळ उघड आहे आणि ब्लेड्स यांनी ती लपवलेली नाही. 1728 साली लंडनमध्ये जॉन गे यांचा ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगभूमीवर आला. बरोबर दोनशे वर्षांनी, 31 ऑगस्ट 1928 रोजी, बर्लिनमध्ये बेर्टोल्ट ब्रेख्ट आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ त्यावर आधारून झाला. त्याच्या आरंभी एक रस्त्यावरचा गायक ‘मॅकी मेसर’ची, चाकूवाल्या मॅकीची, दुष्कृत्ये गाऊन सांगतो. जर्मन जत्रांतून चित्रफलक दाखवीत खुनाच्या कहाण्या गाणाऱ्यांची ‘मोरिटाट’ ही परंपरा ब्रेख्टने त्यासाठी वापरली. पुढे हे गाणे ‘मॅक द नाइफ’ या नावाने अमेरिकेत गेले. 1955 मध्ये लुई आर्मस्ट्राँग आणि 1959 मध्ये बॉबी डॅरिन यांनी त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. डॅरिनच्या गायनात कडव्यागणिक सूर चढत जातो. ‘पेद्रो नवाखा’तही तो तसाच चढतो. तेव्हा पनामाच्या तरुणापर्यंत मॅकी पोचला तो नाट्यसंहितेतून नव्हे, अमेरिकन करमणुकीच्या मार्गाने. त्या मार्गावर ब्रेख्टचा उपहास बराचसा गळून पडला होता आणि उरली होती ती एक झोकदार, निरुपद्रवी धून. ब्लेड्स यांनी केलेले काम असे, की करमणुकीत विरघळलेल्या त्या गाण्यातून त्यांनी मोरिटाट पुन्हा वेगळी काढली आणि ती रस्त्यावर परत नेली. प्रभावाभ्यासाच्या जुन्या पद्धतीत मूळ कृती, मध्यस्थ आणि ग्राहक अशी सरळ रेषा काढतात. येथे मध्यस्थाने गमावलेले ग्राहकाला सापडले आहे.

ब्रेख्टच्या नाटकात शेवटी राजदूत येऊन मॅकीला फाशीपासून सोडवतो. ती सुटका हीच तेथील थट्टा आहे. पेद्रोसाठी कोणी येत नाही. शिवाय मॅकीचे बळी हे गाण्यातील नुसते उल्लेख असतात. ब्लेड्स यांच्या गीतात मात्र बळी ठरणारी स्त्री सशस्त्र आहे आणि निवेदनातील अर्धी जागा तिची आहे. हा बदल केवळ कथानकाचा नाही. दरारा असलेल्या गुंडाची दंतकथा येथे दोन भुकेल्या माणसांच्या गाठीत संपते.

1978 या वर्षाची येथे वेगळी नोंद घ्यावी लागते. त्याच वर्षी रिओ दि जानेरोमध्ये शिको बुआर्क यांचे ‘ओपेरा दो मालांद्रो’ हे नाटक रंगमंचावर आले. गे आणि ब्रेख्ट यांच्यावर बेतलेल्या या नाटकाने मॅकीला 1940च्या दशकातील रिओचा ‘मालांद्रो’, म्हणजे अंगचोर, चलाख, कायद्याच्या कडेकडेने जगणारा माणूस केले. आणि त्याच वर्षी पुण्यात थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ सादर केला. मराठी रंगभूमीला ब्रेख्ट तोवर अपरिचित नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीनं करुणा केली’ आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ही रूपांतरे झालेली होती. पु. लं.च्या रूपांतराचे वैशिष्ट्य त्याच्या संगीतात होते. तमाशाच्या आणि नाट्यपदांच्या चालींशेजारी नंदू भेंडे यांचे पाश्चात्त्य पॉप वळणाचे गाणे उभे राहिले, आणि गुंड अंकुशच्या तोंडी ते शोभलेही.

न्यूयॉर्क, रिओ आणि पुणे येथील या तीन कृतींत परस्परसंपर्काचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही तिघांनी एकाच वेळी एकाच पात्राला आपापल्या शहराच्या भाषेत उभे करावे, याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे तौलनिक अभ्यासाला परवडणारे नाही. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. भारत आणीबाणीतून नुकताच बाहेर पडला होता. न्यूयॉर्क महानगर दिवाळखोरीच्या काठावरून परतले होते, आणि त्याची किंमत लॅटिन वस्त्यांनी मोजली होती. गुन्हेगार आणि प्रतिष्ठित यांच्यातील सीमारेषा पुसट झाल्याचा अनुभव तिन्ही ठिकाणी ताजा होता. यातून काढायचा निष्कर्ष मर्यादितच ठेवावा : मॅकी ही उसनी घेतलेली व्यक्तिरेखा असली तरी ती उसनी घेण्याची निकड देशी होती. तिघांच्या साधनांतही फरक आहे. बुआर्क आणि पु. ल. यांच्यापाशी रंगमंच होता, ब्लेड्स यांच्यापाशी सात मिनिटे. गंमत अशी, की 1980 साली पोर्तो रिकोत पाब्लो काब्रेरा यांनी ‘पेद्रो नवाखाची खरी कहाणी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे संगीत नाटक केले तेव्हा गाणे झालेली ही व्यक्तिरेखा रंगभूमीवर परत आली.

1980 मध्येच आलेल्या ‘माएस्त्रा विदा’ या दोन भागांच्या ध्वनिमुद्रिकेत ब्लेड्स यांनी एका कुटुंबाच्या पिढ्यांची सलग कथा मांडली. निवेदन, संवाद, वाद्यवृंद असा तिचा पसारा आहे आणि आईच्या नभोनाट्यांचा संस्कार त्यात स्पष्ट जाणवतो. बाजारात तिला ‘सिएम्ब्रा’चे यश लाभले नाही. 1981 मधील ‘तिबुरोन’, म्हणजे शार्क, या गीताने अमेरिकेच्या हस्तक्षेपावर बोट ठेवले आणि मायामीतील क्यूबन निर्वासितांच्या नभोवाणी केंद्रांनी ते वर्ज्य ठरवले. फानियापासून अलग झाल्यावर त्यांनी ‘सेइस देल सोलार’ हा लहान वाद्यवृंद उभारला. त्यात साल्साचे ओळखचिन्ह झालेले ट्रॉम्बोन नव्हते. त्यांच्या जागी व्हायब्राफोन आणि सिंथेसायझर आले. शब्द ऐकू यावेत, ही यामागील एक सोय असावी असे या ध्वनिमुद्रणांवरून वाटते.

1984 मधील ‘बुस्कान्दो आमेरिका’ ही त्यांच्या पंचनामा-काव्याची परिणत अवस्था होय. ‘देसापारिसिओनेस’ हे त्यातील गीत बेपत्ता माणसांविषयी आहे. एकामागून एक व्यक्ती येते आणि आपल्या हरवलेल्या माणसाचे नाव, वय, अंगावरचे कपडे, शेवटचे केव्हा दिसले, अशी माहिती देते. कवितेचे सारे अलंकार काढून टाकल्यावर जे उरते तेवढेच येथे आहे : पोलीस ठाण्यात नोंदवून घेतली जात नाही अशी तक्रार. अर्जेंटिना, चिली, ग्वाटेमाला, कोणत्याही देशाचे नाव घेण्याची गरज पडत नाही. शोकगीताऐवजी अर्जाचा नमुना वापरल्याने दुःख सौम्य होण्याऐवजी असह्य होते, कारण अर्जाला उत्तर अपेक्षित असते. पुढे अर्जेंटिनाच्या लोस फाबुलोसोस कादिलाक्स आणि मेक्सिकोच्या माना या वाद्यवृंदांनी हे गीत आपापल्या शैलीत गायिले. त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘हे दे बे दे’ ही आद्याक्षरांच्या शीर्षकाची रचना तर गायिलेलीच नाही. सकाळी उठणे, दाढी, न्याहारी, कामावर निघणे असा एका माणसाचा नित्यक्रम तालवाद्यांवर सांगितला जातो आणि अगदी शेवटी उमगते, की याचे काम माणसांना उचलून नेण्याचे आहे. ‘पाद्रे आन्तोनिओ’ या गीतामागे एल साल्वादोरचे आर्चबिशप ओस्कार रोमेरो यांची 24 मार्च 1980 रोजी प्रार्थनाविधी चालू असताना झालेली हत्या आहे. तेथेही वेदीपाशी मदत करणारा मुलगा आंद्रेस गुरूइतकाच महत्त्वाचा आहे. इतिहास ज्याची नोंद ठेवणार नाही त्याचे नाव शीर्षकात घालणे, ही ब्लेड्स यांची खास सवय.

1985 मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय कायद्यातील पदव्युत्तर पदवी घेतली. 1987च्या ‘आगुआ दे लूना’मध्ये गार्सिआ मार्केस यांच्या कथांवर आधारित गीते आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला ही ध्वनिमुद्रिका सर्वांत जवळची वाटावी अशी आहे. नेमकी तीच त्यांच्या उत्तम कामात गणता येत नाही. इसाबेल, ब्लाकामान, लाउरा फारिना ही पात्रे कथांत जेवढी सजीव आहेत तेवढी गीतांत होत नाहीत. कथेचा आदर राखण्याच्या भरात रस्त्यावरचे निवेदन हरवले. बॉबी डॅरिनकडून मिळालेले उष्टे त्यांना अधिक फळले, मार्केस यांच्याकडून मिळालेला प्रसाद कमी. पुढच्याच वर्षी एल्विस कॉस्टेलो, लू रीड आणि स्टिंग यांच्या सहकार्याने निघालेली इंग्रजी ध्वनिमुद्रिका ‘नथिंग बट द ट्रूथ’ बेताचीच राहिली. तिचे शीर्षक मात्र न्यायालयातील शपथेतून घेतलेले आहे, ते लक्षात राहते. स्पॅनिशमधील ‘आन्तेसेदेन्ते’ 1988 मध्येच आली. तिच्यातील ‘पात्रिया’ हे गीत पनामात जवळपास राष्ट्रगीताच्या जोडीला जाऊन बसले.

20 डिसेंबर 1989 रोजी अमेरिकेने पनामावर आक्रमण करून नोरिएगा यांची राजवट संपवली. त्यानंतर ब्लेड्स यांनी ‘पापा एगोरो’ हा पक्ष स्थापला. एम्बेरा या आदिवासी भाषेत त्याचा अर्थ धरणीमाता असा होतो. 1994च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते स्वतः उभे राहिले, सुमारे 17 टक्के मते मिळवून तिसरे आले. त्यांचा पक्ष टिकला नाही. येथे ‘पाब्लो पुएब्लो’ आठवल्यावाचून राहत नाही. ज्या गीतात निवडणुकीची आश्वासने जिन्यावरच्या कचऱ्यासारखी पडलेली होती, त्याचा कर्ता आता स्वतः आश्वासने देत होता. गीतातील निवेदकाला घटनास्थळी हस्तक्षेप न करण्याची मुभा असते, उमेदवाराला ती नसते. या काळात त्यांची रचना क्षीण झाली असे म्हणता येणार नाही. 1996 मध्ये ‘ला रोसा दे लोस विएन्तोस’ ही पनामी संगीतकारांसमवेत केलेली चांगली ध्वनिमुद्रिका आली. परंतु संशयाने पाहणारा जुना पंच पुढल्या गीतांत विरळ होत गेला आणि सांगणारा, समजावणारा आवाज वाढला. 2004 ते 2009 या काळात ते पनामाचे पर्यटनमंत्री होते. 2021 मध्ये रॉबेर्तो देल्गादो यांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या ‘साल्सविंग’ला लॅटिन ग्रॅमीचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा मान मिळाला. तीत साल्साशेजारी अमेरिकन स्विंगची इंग्रजी गाणी आहेत. 1964 साली जी भाषा त्यांनी बाजूला ठेवली होती ती येथे कोणत्याही खुलाशाविना परतली आहे.

‘पेद्रो नवाखा’ची फाइल मात्र बंद झालेली नव्हती. 1985च्या ‘एसेनास’ या ध्वनिमुद्रिकेत ‘सोर्प्रेसास’ नावाचे गीत आहे. कथा त्याच रात्री, दारुडा गात निघून गेल्यावर पुढे सुरू होते, आणि पेद्रो मेलेलाच नव्हता असे निष्पन्न होते. सात वर्षे गल्लोगल्ली गायिलेली, नाटकात गेलेली, 1984 मध्ये मेक्सिकोत चित्रपटापर्यंत पोचलेली साक्ष सदोष होती. नभोवाणीची बातमी चुकीची होती, आणि मुद्देमालाची यादी अचूक देणाऱ्या पंचाने प्रेताची ओळख तेवढी पटवलेली नव्हती.